एसटीची पोरं उशिरा येतात, त्याचं कारण मी आहे

प्रति,
मा. मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष व सचिव, आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

दि. २९ नोव्हेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे, म्हणजे कंडक्टर. नोकरीला सतरा वर्षं झाली. सकाळी खेड्यांतून तालुक्याला येणारी आणि संध्याकाळी पोरांना परत नेणारी फेरी गेली चार वर्षं बहुतेक माझ्याकडेच असते. तुमच्या शाळेची साठ-पासष्ट पोरं त्या गाडीने येतात. तिसऱ्या थांब्यावर माझी मुलगी चढते. ती सहावीत आहे. बापाच्या गाडीत बसते, पण पास काढून बसते. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटी फुकट आहे, त्यामुळे घरात तिचं एकटीचंच तिकीट सरकार भरतं, असं तिची आजी सगळ्यांना सांगत असते.

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. एक प्रत तुमच्या कार्यालयात दिली आहे, पोच घेतली आहे, तेव्हा पत्र कोणाला आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्या वाचणाऱ्यांनी नाव विचारू नये. नाव कळलं की त्या एका शाळेवर चार दिवस चर्चा होते आणि कसमादेतल्या, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यातल्या, बाकीच्या शाळा सुटल्यासारख्या होतात.

निमित्त झालं ते १० नोव्हेंबरच्या नोटिशीचं. दिवाळीची सुट्टी संपवून पोरं आली आणि थोड्याच दिवसांत फलकावर कागद लागला: प्रथम सत्रातले गुण, हजेरी आणि शिस्त बघून सहावीच्या तुकड्यांची फेररचना. अ आणि ब या सेमीच्या तुकड्या, क आणि ड मराठी माध्यमाच्या. माझ्या फेरीत सहावीची चौदा पोरं आहेत. त्यातली अकरा ड मध्ये गेली, एक क मध्ये, दोन ब मध्ये. अ मध्ये एकही नाही. माझी मुलगी ड मध्ये आहे.

‘मुलगी ड मध्ये गेली म्हणून याला आता सुचलं’ असं तुमच्यातला कोणीतरी म्हणेल. बरोबरच आहे, म्हणूनच सुचलं. आधी सुचायला हवं होतं, ती चूक माझी. पण हिशेब जुळवणं हा माझा रोजचा धंदा आहे. रात्री वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि रोकड जुळली नाही तर घरी जाता येत नाही. चौदातले अकरा एका बाजूला पडले, तेव्हा मला वाटलं की हा हिशेब एकदा पहिल्यापासून मांडून बघावा. तो मांडतो.

आधी उशिराचं बघू, कारण त्यात मी साक्षीदार आहे आणि आरोपीही.

गाडीची वेळ दहा पस्तीसची. तुमची प्रार्थना दहा पन्नासला. कागदावर पंधरा मिनिटं हाताशी आहेत. प्रत्यक्षात बाजार समितीच्या दारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. लिलावाच्या दिवशी ती रांग रस्त्यावर येते आणि तिच्यामागे आमची गाडी उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, ट्रॅक्टरवाला खाली उतरून तंबाखू मळत असतो. पोरं सीटवर उभी राहून पुढे बघतात. कोणी म्हणतं, “कंडक्टर काका, इथंच उतरू द्या, पळत जातो.” मी उतरू देत नाही, कारण रस्त्यावर ट्रॅक्टर आहेत आणि पोरांची जबाबदारी माझी आहे. आठवड्यातून दोनदा तरी आम्ही अकरा वाजून गेल्यावर पोचतो.

मग मी गाडीच्या दारातून बघतो. पोरं दप्तरं सावरत पळतात. मोठं फाटक बंद, छोटं दार बंद. कडुनिंबाखाली ‘लेट लाईन’ लावलेली. दहा उठाबशा, कधी वीस, मोठ्या पोरांना मैदानाची फेरी. मुली एका हाताने ओढणी धरतात, दुसऱ्या हाताने दप्तर. नंतर वहीत लाल शाईने शेरा. तीन लाल शेऱ्यांना शिस्तीचा एक गुण वजा. आणि आता त्याच शिस्तीच्या गुणांवर तुकडी ठरली.

ऑगस्टमध्ये एकदा मला राहवलं नाही. डबल बेल द्यायच्या ऐवजी खाली उतरलो आणि तुमच्या सरांना म्हणालो, “सर, गाडी मी उशिरा आणली. उठाबशा मला सांगा.” सर हसले. माणूस वाईट नाही, त्यांनी मला चहाही विचारला. पण म्हणाले, “काका, नियम सगळ्यांना सारखा.”

यावर मी तीन महिने विचार करतोय. शाळेच्या मागच्या गल्लीतला पोरगा घंटा ऐकून घरून निघाला तरी वेळेत पोचतो. आमची पोरं साडेआठला घर सोडतात. नियम सगळ्यांना सारखाच असायचा असता तर एसटीत हाफ तिकीट कधी निघालंच नसतं. दिव्यांगांसाठी जागा राखीव ठेवल्या नसत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना फुकट नेलं नसतं. माझ्या मशिनमध्ये सवलतींची यादी इतकी लांब आहे की नवीन माणूस गोंधळतो. ती कोणी मेहरबानी म्हणून घातलेली नाही. प्रवास प्रत्येकाचा वेगळा असतो, हे एसटीला कळतं.

याच महिन्यात वसईची बातमी आली. सहावीतली मुलगी. शाळेत उशिरा आली म्हणून तिला शंभर उठाबशा काढायला लावल्या, असा आरोप आहे. काही दिवसांनी, बालदिनी, ती गेली. नेमकं काय बिघडलं ते डॉक्टर आणि पोलीस ठरवतील, त्यात मी शहाणपण करणार नाही. पण त्या दिवशी गाडीत एकीच्या मोबाईलवर ती बातमी चालू होती आणि नेहमी कलकलाट करणारी गाडी बाजार समितीपर्यंत गप्प होती. समोर ट्रॅक्टरांची रांग दिसली तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने मला विचारलं, “काका, आज किती वाजतील?” मी तिला खोटं सांगितलं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १७ दोन ओळींचं आहे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक त्रास द्यायचा नाही, आणि जो देईल त्याच्यावर सेवाशर्तींप्रमाणे कारवाई. त्यात ‘थोडी चालेल’ असं कुठे नाही. उठाबशा ही शिक्षा नाही, व्यायाम आहे, असं कोणी म्हणणार असेल तर तो व्यायाम वेळेवर आलेल्यांनाही द्या.

आता तुकडीबद्दल.

सेमीला माझा विरोध नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकायचं तर शिकू द्या, पुढे उपयोगच होईल. पण सेमी ही माध्यमाची गोष्ट आहे. आपल्याकडे ती हुशारीची पाटी झाली. ज्याला जास्त गुण तो सेमी, उरलेला मराठी. आमच्या पोरांना कोणी विचारलंच नाही की तुला कशातून शिकायचंय. मराठीतून शिकणं ही निवड राहिली नाही, ती शिक्षा झाली. आणि ही शाळा दर २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाची दिंडी काढते. त्या दिंडीत लेझीम खेळायला ड तुकडीच पुढे असते.

ड चा वर्ग पाण्याच्या टाकीमागे आहे. तिथे डिजिटल फळा नाही, ठीक आहे, सगळीकडे नसतो. पण अ ला पंधरा-वीस वर्षं शिकवलेले सर आणि ड ला तासिकेवरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे, हे कसं? तासिकेवाल्या शिक्षकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांना पगार किती आणि कधी मिळतो ते मला माहीत आहे, त्यातले दोघं माझ्याच गाडीने येतात. पण ज्याला जास्त गरज त्याला अनुभवी माणूस द्यावा, एवढं तर साधं गणित आहे. घाटाच्या रस्त्याला आगार नवखा ड्रायव्हर देत नाही.

प्रयोगशाळेची गोष्ट माझ्या मुलीने सांगितली. अ ची पोरं प्रयोग करतात, ड च्या पोरांना प्रयोग दाखवतात. काच फुटेल म्हणून. चुंबक आणि लोखंडाचा कीस, त्यात फुटायचं काय होतं मला कळलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी गाडी झाडताना मागच्या सीटवर खडूने लिहिलेलं दिसलं: ‘६ ढ’. ड ला एक वळण वाढवलं की झालं. कोणी चिडवायला लिहिलं असेल म्हणून मी चौकशी केली, तर लिहिणारा पोरगा ड मधलाच निघाला. स्वतःच लिहिलं होतं. “आमचीच सीट आहे काका,” म्हणाला.

हाच पोरगा गर्दीच्या फेरीत माझ्या शेजारी उभा राहतो. एकदा सुट्ट्या पैशांचा गोंधळ झाला. एका बाईने दोन फुल, एक हाफ घेतलं, नोट पाचशेची दिली, वर आधीच्या फेरीचे वीस रुपये माझ्याकडे राहिले होते ते मागितले. माझं डोकं चालेना, मागून माणसं ढकलतायत. या पोराने मशिनकडे न बघता आकडा सांगितला. मी नंतर जुळवून पाहिलं, बरोबर होता. प्रथम सत्रात त्याला गणितात पस्तीसच्या आत गुण आहेत. अपूर्णांकात तो नापास आहे आणि हाफ तिकिटात पास. यातलं कुठलं खरं, हे शोधणं मला वाटतं शाळेचं काम आहे.

२०१० पासून महाराष्ट्रात आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी श्रेणी आली. मुलाला त्याच्या कालच्या कामाशी ताडून बघायचं, शेजाऱ्याशी नाही, असं आम्हाला तेव्हा पालकसभेत फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. पाचवी आणि आठवीला अलीकडे वार्षिक परीक्षा परत आली, पण सहावीला तर तीही नाही. मग अकरा वर्षांच्या पोरांची रांग लावायची घाई कशाला झाली?

यानंतर जे लिहायचंय ते लिहायला मला जड जातंय, कारण ते मला मुलीने सांगितलं नाही. तिच्या मैत्रिणीने सांगितलं.

जुलैमध्ये भूगोलाच्या तासाला बाईंनी काही विचारलं. माझी मुलगी उभी राहिली. उत्तर बरोबर होतं, पण बोलता बोलता ती ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणाली. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. बाईंनी तिची नक्कल केली. “शाया म्हणे! परत म्हण, शाळा.” तिने म्हटलं. “दहा वेळा म्हण.” तिने दहा वेळा म्हटलं. वर्ग हसला. बाईही हसल्या, बहुतेक वाईट हेतूने नसतील. त्यानंतर पूर्ण महिनाभर पोरं तिला ‘ए शाया’ म्हणून हाक मारत होती.

घरी ती आजीला पुस्तक वाचून दाखवते. खणखणीत वाचते. मी एकदा विचारलं, वर्गात वाचतेस का असं? आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “मी वर्गमा बोलसच नही, आबा.” मी वर्गात बोलतच नाही.

प्रथम सत्राच्या तोंडी कामात तिला जवळजवळ काहीच मिळालेलं नाही. शेरा आहे: ‘सहभाग कमी’. त्या शेऱ्याखाली मी सही करून प्रगतिपुस्तक परत पाठवलं, कारण तेव्हा मला जुलैचा प्रकार माहीत नव्हता.

तिला प्रमाण मराठी आलीच पाहिजे. परीक्षा त्याच भाषेत असते, उद्या नोकरीची मुलाखतही त्याच भाषेत होईल. ती शिकवू नका असं मी कधी म्हणणार नाही. पण माझी स्वतःची नोकरी भाषांवरच चालते. म्हातारीशी अहिराणी, साहेबाशी मराठी, मालेगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी. एक बोलताना दुसरी मरत नाही. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांची बोलीही खानदेशातलीच, आमच्या अहिराणीच्या शेजारची. विद्यापीठाच्या दारावर जे चालतं ते सहावीच्या वर्गात हसण्यावारी का जातं?

आणि हे जमतं, हे तुमच्याच शाळेत मी पाहिलंय. गेल्या वर्षी पाचवीला मराठीच्या एक बाई होत्या, तासिकेवरच्या. त्यांनी फळ्यावर दोन रकाने केले होते, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. पोरांनी घरचा शब्द सांगायचा, बाईंनी पुस्तकातला शेजारी लिहायचा. शाया, शाळा. डोया, डोळा. कळवणकडच्या आदिवासी पाड्यांवरची चार पोरं होती, ती तोपर्यंत तोंडही उघडत नव्हती. ती आपापले शब्द सांगायला लागली तेव्हा बाईंना ते लिहिता येईनात, मग पोरांनीच त्यांना दुरुस्त केलं. संध्याकाळच्या फेरीत गाडीभर तोच खेळ. माझी मुलगी तेव्हा वर्गात बोलायची. यंदा त्या बाईंची तासिका पुढे चालू ठेवली नाही.

चौथं थोडक्यात लिहितो, कारण ते वाचूनच कळेल. शिष्यवृत्तीची यादी करायची असते तेव्हा शिपाई कागद घेऊन चालू तासात वर्गात येतो आणि दारातून ओरडतो, “एस.टी.वाले उभे राहा!” सप्टेंबरमध्ये माझ्या गाडीची सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, बसच्या पासचं काम आहे. शिपाई म्हणाला, “तुम्ही नाही रे, ते एस.टी., जातीवाले.” मग बाकीची बसली आणि चौघं उभी राहिली, भर वर्गात, चाळीस जणांच्या नजरेसमोर. त्यांतला एक गाडीत मागच्या सीटवर बसायचा. आता तो दारात उभा राहून येतो.

७ नोव्हेंबरला तुम्ही विद्यार्थी दिन साजरा केला. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, म्हणून २०१७ पासून राज्यात हा दिवस पाळतात. निबंध झाले, भाषणं झाली. वर्गात वेगळं बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावं लागायचं, हे माझ्या मुलीने घरी येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी तुकड्यांची नोटीस लागली. त्या नोटिशीवर सही करणाऱ्याच्या मनात जात नव्हती, हे मी मानतो. पण ड च्या वर्गात कोण बसलंय ते एकदा जाऊन बघा.

तक्रारपेटीबद्दलही लिहायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवाडीच्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यानंतर सरकारने सगळ्या शाळांना पुन्हा बजावलं: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. तुमच्याकडे सगळं आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दाराला लागून आहे, तिच्यावर कॅमेरा रोखलेला आहे, आणि समोर शिपायाचं स्टूल आहे. कोणती मुलगी तिथे जाऊन चिठ्ठी टाकेल? सखी सावित्री समितीचा फलक आहे, त्यावरच्या एक पालक सदस्य माझ्या गाडीने बाजाराला येतात. आपण त्या समितीत आहोत हे त्यांना माझ्याकडून कळलं. मी त्यांचं अभिनंदन केलं.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. कायद्यात तीत पाऊणशे टक्के म्हणजे चारात तीन सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. अनुदानित शाळेत ती फक्त सल्ला देऊ शकते, हे मला माहीत आहे, कोणी ते पुढे करायच्या आधीच सांगतो. पण सल्ला द्यायला तरी सभा भरावी लागते. एका सदस्याला मी विचारलं, तुकड्यांचा विषय सभेत आला होता का? ते म्हणाले, “सही केली होती बुवा कशावर तरी.”

शिक्षकांची बाजू मी पाहत नाही असं समजू नका. माझ्या गाडीत ते रोज बसतात आणि त्यांच्या मांडीवर वह्यांच्या गठ्ठ्याइतकाच मोबाईल असतो. यू-डायस भरा, अपार आयडी भरा, फोटो पाठवा, मतदार यादीचं काम करा. पदं रिकामी आहेत, भरली जात नाहीत, ते त्यांच्या हातात नाही. एका वर्गात पन्नास पोरं असली की माणूस चिडतो, मीही पंचावन्नच्या गाडीत ऐंशी माणसं चढली की चिडतो. पण चिडून मी मागच्या थांब्यावरच्या प्रवाशाला शिक्षा देत नाही. दिली तर माझ्यावर रिपोर्ट होतो.

माझं मागणं इतकंच आहे:

१. १० नोव्हेंबरची तुकड्यांची फेररचना रद्द करा. पोरं सगळ्या तुकड्यांत मिसळून बसवा, हवं तर चिठ्ठ्या टाका. सेमी ज्याला हवं त्याला मागू द्या, गुणांची अट लावू नका. अनुभवी शिक्षकांचे तास सगळ्या तुकड्यांत वाटा, प्रयोग सगळ्यांना हाताने करू द्या.

२. गाडीने येणाऱ्या पोरांना गाडीच्या उशिराबद्दल लाल शेरा नको, फाटकाबाहेर उभं करणं नको. माझ्या मशिनच्या तिकिटावर ते काढल्याची वेळ छापलेली असते. रोज पोचताना काढलेलं एक तिकीट मी पोराच्या हातात देईन, ते बघा. या सत्रातले आधीचे लाल शेरे खोडा.

३. उठाबशा, फेऱ्या, कान धरून उभं करणं, बंद. तोंडी नको, लेखी सूचना काढा आणि कलम १७ फाटकाजवळ मोठ्या अक्षरात लावा, मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर.

४. कोणाच्या बोलीवर वर्गात हसायचं नाही, हे शिक्षकांना सांगा. दोन रकान्यांचा फळा परत सुरू करा. ज्या बाईंनी तो केला त्यांना परत बोलवता आलं तर उत्तम.

५. जातीच्या नावाने वर्गात हाक मारू नका. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आहे, त्या मुलाला नावानेच ऑफिसात बोलवा.

६. तक्रारपेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कॅमेऱ्यापासून दूर हलवा. उघडताना एक पालक महिला हजर असू द्या.

७. समितीची सभा भरवा आणि तिचं इतिवृत्त फलकावर लावा.

माझ्या मुलीला अ मध्ये टाका, असं यात कुठे नाही. तसं परस्पर करून विषय मिटवू नये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिलं. आणि या पत्राचा राग तिच्यावर निघाला, तिला वर्गात उभं करून ‘तुझ्या वडिलांनी काय लिहिलंय’ असं विचारलं गेलं, तर पुढचं पत्र मी शिक्षणाधिकाऱ्यांना लिहीन. ते यापेक्षा लहान असेल.

१३ डिसेंबरला शनिवार आहे, माझी साप्ताहिक सुट्टी. सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकराला मी कार्यालयात येतो. माझ्याबरोबर आणखी सहा-सात पालक असतील. त्यांतल्या तिघी मजुरी बुडवून येणार आहेत, कारण सध्या कांद्याच्या लागवडीचे दिवस आहेत, तेव्हा कृपा करून आम्हाला पुढची तारीख देऊ नका. चहा नको, बसायला जागा असली तर बरं.

आपला,
सहावी ‘ड’ मधल्या एका मुलीचा बाप

ता. क. सकाळची फेरी वीस मिनिटं आधी सोडावी, असा अर्ज मी आगार व्यवस्थापकांकडे दिला आहे. त्याच्या पोचेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. अर्ज मंजूर झाला तर माझी मुलगी आठ दहाला घरून निघेल. तिला विचारलं, चालेल का? म्हणाली, चालेल, पण शेवटच्या सीटवर खिडकी पाहिजे.